दोन खो आणि एक ख

सयाजीच्या अंगावरून वारं गेलं आणि त्याच आठवड्यात त्याची नात संयोगिता बारावीच्या वर्गात जाऊन बसली, ते साल दोन हजार चोवीस. सयाजीची बायको तानाबाई साल असंच लक्षात ठेवायची. आकडे तिला उशिरा आले. त्याच साली मार्च महिन्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ती उचगावच्या शाळेत नातवंडांच्या बाकावर बसून निरक्षरांची परीक्षा देऊन आली होती आणि पास झाली होती. पास झाल्याचा कागद तिनं देव्हाऱ्यात ठेवला होता.

वाऱ्यानं सयाजीचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ जड झाली. तो बोलायला लागला की अर्धे शब्द तोंडातच राहायचे. एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उरली. म्हशीला घालायची हाक.

"हॉऽ भिंगरेऽ, हॉ हॉ."

ही हाक ओट्यावरच्या खुर्चीतून निघाली की गोठ्यात भिंगरीचे कान ताठ व्हायचे आणि ती दाव्याला हिसडे द्यायला लागायची. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. नाव विचारलं तर या माणसाला सांगता येत नाही, आणि म्हशीला हाक मारताना जीभ कशी वळते, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात आणि भोवतीच्या गावांत म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि मालकानं मोटारसायकलवर पुढं निघायचं. म्हशीला दोरी नाही. मालकाच्या हाकेवर ती गर्दीतून, फटाक्यांतून, गाडीच्या धुरातून त्याच्या मागं धावत सुटते. सयाजीनं चाळीस वर्षं म्हशी पळवल्या. आधी पायी, मग लुनावर. भिंगरी त्यानं रेडकू असल्यापासून तयार केली होती. तिला मैदानात उतरवायचं ते याच पाडव्याला, असं त्यानं ठरवलं होतं. आणि जूनमध्येच वारं गेलं.

"आता काय पळतीया ती," लेक केरबा म्हणाला. "आबाबिगर ती दारातनं हालत न्हाय."

सयाजीनं डाव्या हातानं डोळा पुसला, तोही एकाच बाजूचा. तेवढाच हात पोचत होता.

पहाटेची धार काढताना संयोगिता गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून मोठ्यानं अभ्यास करायची. तिनं कॉमर्स घेतलं होतं आणि गणिताचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा होता. तानाबाईचे हात कासेला आणि कान नातीकडं.

"विधान म्हणजे असं वाक्य, जे खरं तरी असतं नाहीतर खोटं तरी. दोन्ही एकदम नसतं."

"मग तुझा बा 'उद्या बघू' म्हंतोय, ते काय?" तानाबाईनं विचारलं.

"ते विधानच न्हाय, आज्जी."

"मला वाटलंच हुतं."

पुस्तकात खऱ्याला टी आणि खोट्याला एफ होतं. तानाबाईला ती अक्षरं येत नव्हती. तिनं आपलीच काढली. खऱ्याला ख, खोट्याला खो. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं दोन खाने पाडले आणि नात सांगेल तसं लिहीत गेली. दोन वाक्यांच्या मध्ये 'आणि' असला तर दोन्ही खरी पाहिजेत. एक जरी खोटं निघालं तरी सगळं खो. 'किंवा' असला तर एक खरं पुरतं.

"म्हंजे 'आणि' हा माझ्या सासऱ्यासारखा," तानाबाई म्हणाली. "भाकरी चांगली झाली आन् कालवण खारट, की ताट भिरकावलं. आन् 'किंवा' ही तुझी पणजी. कायतरी एक गोड झालं म्हंजे जेवली."

'जर-तर' आला तेव्हा तर ती धार टाकून उठली. केरबा आदल्या दिवशी म्हणाला होता, शिफ्ट लवकर सुटली तर वैरण आणतो. शिफ्ट लवकर सुटली नाही. वैरण आली नाही. पण म्हणून केरबा खोटं बोलला असं होत नाही, असं नात म्हणत होती. शिफ्ट सुटली असती आणि वैरण आली नसती, तरच खो.

तानाबाईनं ते भिंतीवर मांडलं. मग हसायला लागली.

"अगं, मग पुढारी खोटं बोलतच न्हाईत की. निवडून आलो तर रस्ता करतो, म्हणाला. पडला. झालं. खरा माणूस."

त्या दिवसापासून घरात कुणाची धडगत राहिली नाही. शेजारची बायडाबाई ताक मागायला आली आणि म्हणाली, "माझी सून कामाची बी न्हाय आन् धंद्याची बी न्हाय." तानाबाईनं तिला ओट्यावर बसवून घेतलं. "काल तिनं दळण आणलं. म्हंजे कामाची हाय. तुझं वाक्य खो." बायडाबाई ताक न घेताच गेली.

सगळ्यांत अवघड होता तो नकार. संयोगिता तीनतीनदा वाचायची. दोन वाक्यं 'आणि'नं जोडलेली असतील आणि ते सगळं उलटं करायचं असेल, तर नुसता 'नाही' लावून भागत नाही. मधल्या 'आणि'चा 'किंवा' करावा लागतो.

"परीक्षेत सगळी हितंच मरतात," ती म्हणाली.

"ह्यात मरण्यासारखं काय हाय?" तानाबाई म्हणाली. "भाकरी आन् कालवण झालंय, असं मी म्हणालो. ते खोटं कधी? भाकरी न्हाय किंवा कालवण न्हाय. कायतरी एक न्हाय म्हंजे जेवान झालं न्हाय. एवढंच की."

संयोगितानं पुस्तक मिटलं आणि आजीकडं बघितलं. "आज्जी, तू बस माझ्या जागी पेपरला."

दसरा झाला आणि पाडव्याच्या स्पर्धेची गाडी भोंगा लावून गल्लीतून गेली. ओट्यावरच्या खुर्चीत सयाजी पुढं वाकला. डाव्या हातानं त्यानं गोठ्याकडं बोट केलं, मग रस्त्याकडं, मग स्वतःच्या छातीकडं. तीन वेळा केलं. तोंडातून एवढंच निघालं, तेही तुटक.

"एक… डाव…"

कल्पना संयोगिताची. आज्ज्याला शेवटच्या रेघेपाशी खुर्चीत बसवायचं. त्यानं तिथून हाक मारायची. म्हैस इकडून सुटेल.

मोकळ्या माळावर करून बघितलं. केरबानं खुर्ची दूर नेऊन ठेवली. हाक आली आणि भिंगरी बाणासारखी गेली, सयाजीच्या मांडीत नाक खुपसून थांबली. तानाबाईला हर्ष आवरेना. "पळ की गं बाई माझी," असं ती पुढच्या खेपेला मागून ओरडली मात्र, भिंगरी जागीच थांबली, वळली आणि पाय फाकवून उभी राहिली. तानाबाईचा आवाज म्हणजे धारेचा आवाज. तो आला की उभं राहायचं, हे तिला दोन वर्षांत पक्कं झालं होतं.

"आज्जी," संयोगिता म्हणाली, "त्या दिवशी तू तोंड उघडायचं न्हाय."

घरात सगळ्यांना वाटलं, यापेक्षा म्हशीनं दोन पायांवर चालणं सोपं.

खरी अडचण दूध संस्थेच्या भिंतीवर चिकटवलेली होती. स्पर्धेच्या नियमांचा कागद. तानाबाईनं अक्षराखाली बोट धरून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला. चौथ्या कलमापाशी बोट थांबलं.

"म्हशीला दोरी लावली किंवा मारले आणि मालक बरोबर नसेल तर म्हैस बाद."

मालक बरोबर नसेल. सयाजी तर पार दुसऱ्या टोकाला असणार. ती तशीच घरी आली, ओट्यावर सयाजीकडं न बघता गोठ्यात गेली आणि मग सवयीनं खडू उचलला.

दोरी लावली. खो. मारले. खो. मालक बरोबर नाही. ख.

तिनं आधी 'किंवा' सोडवला. खो किंवा खो, म्हणजे खो. मग 'आणि'. खो आणि ख. सासरा. एक खो, म्हणजे सगळं खो.

तिनं नातीला हाक मारली. संयोगितानं भिंत वाचली, परत वाचली.

"आज्जी, पण कंस कुठं टाकायचा ते त्यांनी लिवलेलं न्हाय. तू पयल्या दोघांस्नी कंसात घातलंस. मागच्या दोघांस्नी घातलं तर?"

"घाल की."

मारले आणि मालक बरोबर नाही. खो आणि ख. खो. मग दोरी किंवा ते सगळं. खो किंवा खो. खो.

"कंस इकडं टाक न्हायतर तिकडं टाक," संयोगिता सावकाश म्हणाली, "ह्या कलमानं भिंगरीला बाद करता येत न्हाय. फकस्त ह्या कलमानं, आज्जी. दुसरं कुठलं कलम हाय का?"

दोघी परत दूध संस्थेपर्यंत गेल्या. बाकीच्या कलमांत म्हशीचं वय होतं, शिंगांना टोकदार काही लावू नये असं होतं, दारू पिऊन येऊ नये असं होतं. मालकाचा शब्दही नव्हता.

पाडव्याच्या सकाळी गावाबाहेरच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. सायलेन्सर काढलेल्या गाड्या तडतडत होत्या. लाल, निळी, सोनेरी शिंगं सगळीकडं हलत होती. भिंगरीची शिंगं संयोगितानं पिवळी रंगवली होती आणि कपाळावर गोंडा बांधला होता. केरबानं टेम्पोतून सयाजीला खुर्चीसकट उतरवलं. त्याच्या डोक्याला फेटा होता. तो तानाबाईनं बांधला होता आणि जरा एका बाजूला कलला होता.

नावं लिहायच्या टेबलावर हंबीरराव बसले होते. पंचांचे मुख्य. पन्नास म्हशी पळवलेला माणूस, आवाज असा की माईकची गरज नाही, तरी माईक हातात. शेजारी वेळ लिहायचा काळा फळा.

"वैनी, सयाजीदा आल्यात, लई बरं वाटलं बगा," ते म्हणाले. "पर म्हैस पळवणार कोण?"

"ह्येच. त्या शेवटच्या रेघेपासनं हाक मारत्यात."

हंबीररावांचा चेहरा पडला. सयाजीकडून तेही दोन गोष्टी शिकले होते. "वैनी, तसं न्हाय जमत. मालक बरोबर पायजे. कलम चार."

"वाचा की ते. माईकवर वाचा, सगळ्यांस्नी ऐकू दे."

त्यांनी वाचलं. 'मालक बरोबर नसेल' आल्यावर गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मालक कधी बरोबर असतोय व्हय? बरोबर असती ती मालकीण." माळ हसला.

तानाबाई हसली नाही. तिनं फळ्याकडचा खडू उचलला. "भावजी, मी इचारतो, तुमी सांगा. आमच्या म्हशीला दोरी लावणार हाय का?"

"न्हाय."

"मारणार हाय का?"

"सयाजीदाची म्हैस हाय ती. तिला कोण मारतंय?"

"मालक बरोबर हाय का?"

"न्हाय. तेच तर सांगतोय की."

"ते खरं हाय. खऱ्याला मी खोटं म्हणणार न्हाय." तिनं फळ्यावर तीन अक्षरं लिहिली. खो, खो, ख. अक्षरं वाकडी होती पण लांबून दिसत होती. मग तिनं 'किंवा' सोडवून दाखवला, 'आणि' सोडवून दाखवला. मग ते पुसून कंस दुसरीकडं टाकला आणि परत सोडवला. दोन्ही वेळा खाली खो आलं. म्हशी सोडून आलेले दोन मालक फळ्यापाशी येऊन उभे राहिले. उचगावच्या माळावर एवढ्या माणसांनी एकदम फळ्याकडं बघितल्याची ही पहिलीच वेळ असावी.

हंबीरराव कागद डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून बघत होते. "वैनी, ह्येचा अर्थ तसा न्हाय. आमी काय म्हणालतो मिटिंगला? दोरी न्हाय, मार न्हाय आन् मालक बरोबर. सरळ गोष्ट हाय."

"तसंच लिवला असता तर भिंगरी घरी गेली असती. पर तुमी बाद कोण ते लिवलासा. म्हंजे उलटं केलासा. उलटं करताना 'आन्'चा 'किंवा' कराय लागतोय. पयल्या ठिकाणी केलासा, दुसऱ्या ठिकाणी तोंडातला 'आन्' तसाच ऱ्हायला."

"आमच्या मनात तसं नव्हतं, वैनी."

"मनातलं वाचाय मला कुणी शिकीवलं न्हाय, भावजी. अक्षरं शिकीवली. ती मी वाचतो."

हंबीररावांनी कागद टेबलावर ठेवला, त्यावर तळहात फिरवला. फसलेला माणूस चिडतो तसे ते चिडले नाहीत. त्यांनी फळ्यावरची तीन अक्षरं परत वाचली आणि मग त्यांच्या डोळ्यांत पहिलवानाच्या डोळ्यांत येते तसली चमक आली.

"बरं. तुमच्याच फळ्यावर खेळू. पळताना म्हशीला कुणी नुसती चापट मारली, शेपटी पिळली, तर मधला खो खरा झाला. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मग?"

"ख आणि ख. बाद."

"दुसऱ्यांच्या म्हशीला चापट चालंल. त्यांचा मालक बरोबर हाय. तुमच्या म्हशीला बोट चालणार न्हाय. कबूल?"

"कबूल," तानाबाई म्हणाली.

नाव लिहिलं गेलं. अकरा म्हशींत भिंगरीचा नंबर सातवा. चारशे फूट पलीकडं, शेवटच्या रेघेच्या मागं, सयाजीची खुर्ची गेली. इथून तो एवढासा दिसत होता, पण कललेला फेटा दिसत होता.

सहा म्हशी पळाल्या. मग पंचाचा रुमाल खाली आला आणि केरबानं दावं सोडलं. तानाबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला.

"हॉऽ भिंगरेऽ, हॉ हॉ."

हाक माळावरून आली, आणि भिंगरी सुटली. शेपटी वर, गोंडा उडतोय, खुरांखाली माती फुटतेय. पुढं गाडी नाही, माणूस नाही, नुसतं मोकळं मैदान आणि टोकाला एक खुर्ची. दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी राहिली. असली पळापळ कुणी बघितली नव्हती. शंभर फूट. दोनशे फूट. केरबा आणि तानाबाई कडेकडेनं धावत होते. चौसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना त्या दिवशी आपण दुखतो याची आठवण नव्हती.

आणि गर्दीत कुणाच्या तरी गाडीचा बार ढण्णकन फुटला.

भिंगरी थांबली. चारी पाय रोवून, कान मागं पाडून, भर मैदानात. सयाजीची हाक येईना. एवढा वेळ ओरडून त्याची जीभ परत जड झाली होती. खुर्चीत त्याचा जबडा हलत होता, आवाज नव्हता.

"आबा," केरबा ओरडला आणि म्हशीच्या अंगावर धावला. त्याचा हात वर गेला. एक चापट, आणि ती सुटली असती. गावातल्या प्रत्येकानं आपापल्या म्हशीला तेच केलं असतं.

तानाबाईनं त्याचं मनगट हवेतच धरलं. तोंडात पदर होता, बोलता येत नव्हतं. बोलली असती तरी म्हैस धारेला उभी राहिली असती. तिनं नुसती मान हलवली. दोन खो होते म्हणून तो एक ख चालत होता. एक खो फिरला असता तर सगळं गेलं असतं. केरबाला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं हात खाली घेतला.

टेबलापाशी हंबीरराव उभे राहिले होते. त्यांनी माईक तोंडापासून लांब धरला होता, म्हणजे चुकूनही त्यांचा श्वास म्हशीला ऐकू जाऊ नये.

खुर्चीतल्या सयाजीनं डावा हात उचलला. फेटा काढला. मांडीवर ठेवला. मान मागं टाकली.

"हॉऽऽ," आलं. बराच वेळ नुसतं तेवढंच. मग उरलेलं आलं, सगळंच्या सगळं, एक अक्षरही न गिळता. "भिंगरेऽऽ, हॉ हॉ."

म्हशीचे कान पुढं आले. मग जी निघाली ती शेवटची रेघ ओलांडून, खुर्चीपाशी. पिवळी शिंगं सयाजीच्या दोन्ही बाजूंना आली आणि मध्ये तिचं ओलं नाक त्याच्या मांडीवरच्या फेट्यात गेलं. सयाजी डाव्या हातानं तिचं कपाळ खाजवत राहिला. तो हसत होता. हसू एकाच बाजूला येत होतं, पण ते पुरेसं होतं.

तानाबाईनं तोंडातला पदर काढला आणि रडली की हसली, ते बायडाबाईला अजून सांगता येत नाही. "दोन्ही," असं तानाबाईचं म्हणणं. "मधी 'आणि' हाय. दोन्ही बाजूला ख."

अकरा म्हशींत भिंगरी पाचवी आली. मध्ये थांबली नसती तर पहिली आली असती, असं केरबा म्हणतो. त्यावर तानाबाई त्याला सांगते की थांबली हे खरं आहे, तेव्हा तुझं 'नसती तर' माझ्या भिंतीवर बसत नाही.

संध्याकाळी हंबीरराव घरी आले. हातात नियम लिहायला कोरा कागद होता. "वैनी, कलम चार पुढल्या सालासाठी तुमीच लिवा."

तिनं ओट्यावर बसून लिहिलं. दोरी लावली किंवा मारले किंवा मालक बरोबर नसेल तर म्हैस बाद. मग क्षणभर थांबली, सयाजीकडं बघितलं आणि शेवटी स्वतःच्या मनानं जोडलं. मालक आजारी असेल तर त्याची हाक आली की मालक बरोबर धरावा. हंबीररावांनी वाचलं, मान डोलावली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

सयाजी त्यानंतर सत्तेचाळीस दिवस जगला. गुरुवार, एकोणीस डिसेंबर दोन हजार चोवीस रोजी, सकाळची धार झाल्यावर, ओट्यावरच्या खुर्चीत तो वारला.